उपजत की उपार्जित? समलिंगी आकर्षणाविषयीच्या एका प्रश्नाचा इतिहास

मंडळीच्या सेवेत काही वर्षे घालविलेल्या पाळकाला, धर्मगुरूला अथवा धर्मशिक्षकाला एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. आईबाप विचारतात, शाळेतील शिक्षक विचारतात आणि क्वचित, मोठा धीर करून, ज्याच्या जिवाशी तो निगडित आहे तो तरुण किंवा ती तरुणी स्वतःच विचारते. समान लिंगाच्या व्यक्तीविषयी वाटणारी ओढ जन्मतःच असते काय, की ती संगतीने, संस्काराने अथवा स्वेच्छेने जडते? वरवर पाहता प्रश्न वैद्यकाचा आहे. परंतु विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न दडलेला असतो. आईबापांना विचारावयाचे असते, ‘आमचे काय चुकले?’ तरुणाला विचारावयाचे असते, ‘यात माझा दोष किती, आणि या घरात, या मंडळीत मला जागा आहे काय?’

उत्तर देताना आपणही नकळत एका समीकरणाचा आधार घेत असतो. ओढ उपजत असेल तर तो मनुष्य निर्दोष, म्हणून स्वीकारार्ह. उपार्जित असेल तर तो दोषी, म्हणून सुधारण्यास अथवा शिक्षेस पात्र. हे समीकरण इतके सोपे वाटते की त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला सुचत नाही. प्रस्तुत लेखात ते इतिहासाच्या कसोटीवर टिकते काय, एवढेच पाहावयाचे आहे. निरनिराळ्या मंडळ्यांच्या नीतिविषयक शिकवणुकीचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. तथापि ज्याला माणसांना सल्ला द्यावयाचा आहे, त्याला हा इतिहास ठाऊक असणे अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. ‘निसर्ग’ या शब्दाचे दोन अर्थ

हा प्रश्न आधुनिक विज्ञानाने निर्माण केला अशी समजूत आहे. ती खरी नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात पुरुषापुरुषांतील संबंधांचा ओझरता उल्लेख केला आहे. काहींच्या ठायी ही प्रवृत्ती स्वभावतः असते, तर काहींच्या ठायी ती सवयीने येते, उदाहरणार्थ बालपणी झालेल्या अत्याचारामुळे, असे तो म्हणतो. या प्रवृत्तीला तो विकृतीच्या वर्गात घालतो. पण जिचे कारण निसर्गच आहे तिच्यासाठी कोणाला असंयमी म्हणता येणार नाही, असेही तो सांगतो. म्हणजे ‘उपजत की उपार्जित’ हा भेद सुमारे तेवीस शतकांपूर्वीच मांडला गेला होता.

तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस याने अ‍ॅरिस्टॉटलचा हा विचार ख्रिस्ती ईश्वरज्ञानात आणला. येथे एक बारकावा लक्षात घेणे आवश्यक आहे. संत पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात निसर्गाला सोडून असलेल्या वर्तनाचा जो उल्लेख आहे, त्यातील ‘निसर्ग’ या शब्दाचा अर्थ थॉमसच्या परंपरेने ‘ज्या हेतूसाठी निर्माणकर्त्याने एखादी गोष्ट घडविली तो हेतू’ असा घेतला. एखाद्या व्यक्तीला तिच्या विशिष्ट घडणीमुळे एखादी गोष्ट स्वाभाविक वाटू शकते, हे थॉमसला मान्य होते. परंतु मनुष्यजातीच्या निसर्गाशी ती विसंगत असू शकते, असे त्याचे म्हणणे. सामान्य माणूस मात्र ‘नैसर्गिक’ म्हणजे ‘जन्मतः आलेले’ असा अर्थ घेतो. अर्थात एक पक्ष जन्माविषयी बोलतो आणि दुसरा हेतूविषयी. ‘हे जन्मजात आहे, म्हणून नैसर्गिक आहे’ असे एकाने म्हणावे आणि दुसऱ्याने मान हलवून ‘तरीही निसर्गाविरुद्धच’ असे म्हणावे, हा वाद शतकानुशतके चालला, त्याचे हे एक मूळ आहे.

ईश्वरज्ञानातील हा शब्द पुढे फौजदारी कायद्यात गेला. इंग्लंडमध्ये १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत हा अपराध धर्मन्यायालयांच्या कक्षेतून काढून राजाच्या न्यायालयात आणला गेला आणि त्याला देहदंडाची शिक्षा ठरली. या गुन्ह्यासाठी तेथे शेवटची फाशी १८३५ मध्ये दोघा पुरुषांना झाली; देहदंडाची तरतूद १८६१ मध्ये गेली. इकडे गोव्यात १५६० मध्ये स्थापन होऊन १८१२ मध्ये बंद झालेल्या इन्क्विझिशनच्या कक्षेतही हा अपराध येत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात मॅकॉलेच्या मसुद्यापासून सुरुवात होऊन १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. तिच्या कलम ३७७ने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. निसर्गक्रम म्हणजे काय, याची व्याख्या मात्र त्या कलमात कोठेही नव्हती. शब्द धर्मशास्त्राचा राहिला, त्याचा अर्थ बाहेर राहिला आणि दंडुका तेवढा पोलिसाच्या हाती आला.

२. म्युनिकमधील एक भाषण

‘उपजत’ या विचाराचा उपयोग शिक्षा टाळण्यासाठी प्रथम जाहीरपणे कोणी केला, तर तो कार्ल हाइनरिख उलरिख्स या जर्मन कायदेपंडिताने. १८२५ मध्ये हॅनोव्हर राज्यात जन्मलेल्या उलरिख्सच्या आईच्या घराण्यात लूथरन धर्मसेवकांची परंपरा होती. स्वतः त्याने कायद्याबरोबर ईश्वरज्ञानाचाही अभ्यास केला होता. त्याच्या समलिंगी संबंधांची कुणकुण लागल्यामुळे १८५४ मध्ये त्याला न्यायखात्यातील नोकरी सोडावी लागली. १८६४ पासून त्याने या विषयावर एकामागून एक अशा बारा पुस्तिका लिहिल्या. पुरुषाच्या देहात स्त्रीचा आत्मा वसत असतो, ही घडण गर्भातच होते, म्हणून जे ईश्वराने घडविले त्याबद्दल राज्याने शिक्षा करणे अन्याय्य आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. २९ ऑगस्ट १८६७ रोजी म्युनिक येथे जर्मन कायदेपंडितांच्या परिषदेत तो हे मांडावयास उभा राहिला. सभेत एवढा गोंधळ झाला की भाषण अर्धवट टाकून त्याला व्यासपीठावरून उतरावे लागले. १८९५ मध्ये इटलीतील लाक्विला या गावी, मायदेशापासून दूर, त्याचा अंत झाला.

उलरिख्सचे नाव आज पुष्कळांना ठाऊक आहे; पण त्याच्याच एका सहकाऱ्याने त्याला दिलेला इशारा तितकासा परिचित नाही. कार्ल मारिया केर्टबेनी हा हंगेरियन लेखक. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द त्यानेच घडविला. १८६८च्या मे महिन्यात उलरिख्सला लिहिलेल्या पत्रात तो प्रथम आढळतो आणि १८६९ मध्ये प्रशियाच्या दंडविधानाविरुद्ध लिहिलेल्या पत्रकांतून तो छापून आला. त्याच पत्रव्यवहारात केर्टबेनीने उलरिख्सला बजावले की जन्मजातपणाचा पुरावा ही दुधारी तलवार आहे. रक्ताची तहान अथवा आगी लावण्याची प्रवृत्तीही काहींच्या ठायी जन्मजात असू शकते. म्हणून समाज त्यांना मोकळे सोडीत नाही, उलट कोंडून ठेवतो. तेव्हा ओढ जन्मजात आहे की नाही हे कायद्याने पाहू नये. दोघा प्रौढांनी स्वखुशीने, तिसऱ्या कोणाला इजा न करता केलेल्या गोष्टीत राज्याला हात घालण्याचा अधिकार आहे काय, एवढेच पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. पुढील शंभर वर्षांच्या घटनांनी हा इशारा अक्षरशः खरा ठरविला.

३. वैद्यांच्या हाती

१८८६ मध्ये रिचर्ड फॉन क्राफ्ट-एबिंग या मनोवैद्याने आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याने उलरिख्सचे लेखन वाचले होते. ओढ बहुतेकांच्या ठायी उपजत असते, हे त्यानेही मान्य केले. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष उलरिख्सला अपेक्षित नव्हता. ज्याअर्थी हे जन्मतः येते, त्याअर्थी तो घराण्यातील आनुवंशिक ऱ्हासाचा परिणाम आहे, असे क्राफ्ट-एबिंगने प्रतिपादिले. पापी आता रोगी झाला. आयुष्याच्या अखेरीस, १९०१ मध्ये, त्याने हे मत पुष्कळ सौम्य केले. पण तोवर त्याच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघून युरोपभर रोगाचीच कल्पना रुजली होती. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ मध्ये वेगळी वाट धरली. नुसते ‘उपजत’ आणि नुसते ‘उपार्जित’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे त्याचे म्हणणे होते. १९३५ मध्ये एका अमेरिकन मातेला लिहिलेल्या पत्रात, आपल्या मुलाच्या या ओढीची लाज बाळगण्याचे कारण नाही आणि तिला रोग म्हणता येत नाही, अशा आशयाचा धीर त्याने दिला.

बर्लिनचा डॉक्टर मॅग्नस हिर्शफेल्ड याने उलरिख्सचा वारसा पुढे चालविला. १८९७ मध्ये त्याने एक समिती स्थापून जर्मन दंडविधानातील कलम १७५ रद्द करावे, असा अर्ज विधिमंडळाकडे केला. विज्ञानाच्या मार्गाने न्यायाकडे, हे त्या समितीचे ब्रीद होते. ओढ जन्मजात आहे हे एकदा सिद्ध झाले की समाज आपोआप न्याय देईल, असा त्याचा दृढ विश्वास होता. १९१९ मध्ये त्याने बर्लिन येथे लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. १९३१ मध्ये जगप्रवासात तो हिंदुस्थानातही येऊन गेला.

परंतु जे जन्मजात आहे ते शरीरात कोठेतरी असणार, आणि शरीरात असेल तर ते बदलता येईल, हा विचार ओघानेच आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व्हिएन्ना येथील शरीरशास्त्रज्ञ ऑयगेन स्टाइनाख याच्या सिद्धान्तावर विसंबून काही पुरुषांच्या ग्रंथी काढून तेथे दुसऱ्याच्या ग्रंथी बसविण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. हिर्शफेल्डनेही आरंभी त्यांत रस घेतला होता. त्या निष्फळ ठरल्या. पण मार्ग दाखवून गेल्या.

६ मे १९३३ रोजी हिर्शफेल्डच्या संस्थेवर नाझी विद्यार्थ्यांनी हल्ला करून ग्रंथालय लुटले. चार दिवसांनी ती पुस्तके जाहीरपणे जाळण्यात आली. हिर्शफेल्ड त्या वेळी परदेशात होता. तो परत गेला नाही आणि १९३५ मध्ये फ्रान्समधील नीस येथे वारला. त्याच वर्षी नाझी सरकारने कलम १७५ अधिक कडक केले. या राजवटीने आपल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच वेळी वापरली, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बहुसंख्यांना ही सवय इतरांनी लावलेली आहे, म्हणून त्यांना तुरुंगाने सुधारावे. उरलेले जन्मजात आहेत, म्हणून त्यांना खच्ची करावे अथवा छळछावणीत डांबावे. सुमारे पन्नास हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. पाच ते पंधरा हजार जणांना छातीवर गुलाबी त्रिकोण लावून छावण्यांत धाडण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १९४४ मध्ये बुखेनवाल्ड छावणीत कार्ल व्हेर्नेट या डेन्मार्कच्या डॉक्टरने कैद्यांच्या शरीरात संप्रेरकाच्या गोळ्या शस्त्रक्रियेने बसवून ‘उपचार’ करून पाहिले. जन्मजातपणाच्या ज्या सिद्धान्ताने उलरिख्सला मुक्ती मिळवावयाची होती, त्याचा असा शेवट झाला.

४. मुंबईतील एक खटला

जर्मनीत ही संस्था जळाली, त्याच्या पुढल्याच वर्षी हाच प्रश्न मुंबईच्या न्यायालयात मराठीतून येऊन उभा राहिला. तो आला इंग्लंडमार्गे. हॅवलॉक एलिस या इंग्रज लेखकाने १८९७ मध्ये समलिंगी आकर्षणावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध करून ही ओढ पुष्कळांच्या ठायी जन्मजात असते असे मांडले होते. तो विकल्याबद्दल लंडनमध्ये एका विक्रेत्यावर खटलाही झाला होता. एलिसचे ग्रंथ वाचणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे हे एक होते. कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या इतिहासातील ही नोंद आपणही विसरू नये. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालविले.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना कर्वे उत्तरे देत. जे प्रश्न घरात, शाळेत किंवा देवळात विचारता येत नव्हते, ते तेथे येत. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचेही असत. अशा उत्तरांबद्दल अश्लीलतेच्या आरोपावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. बचावात एलिसच्या ग्रंथांचा आधार घेण्यात आला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तथापि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निकालाहून वेगळी आहे. या खटल्यात केवळ जन्मजातपणाचा मुद्दा पणाला लागलेला नव्हता. अडचणीत सापडलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा आणि प्रामाणिक उत्तर मिळविण्याचा अधिकार आहे काय, हा मुद्दा पणाला लागला होता. ज्या कामासाठी कर्व्यांना न्यायालयात उभे राहावे लागले, ते काम वस्तुतः पाळकीय सेवेचेही आहे. लोक आपला खासगी प्रश्न घेऊन संपादकाकडे का गेले आणि आपल्याकडे का आले नाहीत, हा विचार त्या काळच्या मंडळ्यांनी केल्याचे दिसत नाही.

५. पाप आणि गुन्हा

केर्टबेनीने सुचविलेला दुसरा मार्ग, म्हणजे कारणाचा शोध बाजूला ठेवून राज्याच्या अधिकाराची मर्यादा तपासण्याचा, अखेर इंग्लंडमध्ये फळास आला आणि त्यात चर्चचा वाटा मोठा होता. १९५२ मध्ये गणितज्ञ अ‍ॅलन ट्यूरिंग यास समलिंगी संबंधांबद्दल दोषी ठरवून, तुरुंगाऐवजी संप्रेरकांची इंजेक्शने घेण्याची अट घालण्यात आली; १९५४ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी चर्च ऑफ इंग्लंडच्या नीतिकल्याण परिषदेने एक छोटा अहवाल काढून कायद्याचा फेरविचार व्हावा असे सुचविले. त्यामागे डेरिक शेर्विन बेली या धर्मसेवकाचे परिश्रम होते. १९५५ मध्ये बेलीने या विषयावरील पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेचा ग्रंथ लिहून सदोमाच्या वृत्तान्ताचा नवा अर्थ मांडला. तेथील मुख्य अपराध पाहुण्यांचा अवमान हा होता, असे त्याचे म्हणणे. हा अर्थ सर्वांना पटला नाही, पण शास्त्राभ्यास पुन्हा सुरू झाला.

सरकारने नेमलेल्या वुल्फेंडेन समितीचा अहवाल सप्टेंबर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. समलिंगी ओढ हा रोग म्हणता येत नाही, आणि पाप व गुन्हा यांची क्षेत्रे एक मानू नयेत, अशी तिची भूमिका होती. समितीने कारणांविषयी अधिक संशोधन व्हावे असे म्हटले. पण कायद्यातील बदल त्या संशोधनासाठी थांबवावा असे म्हटले नाही. कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी हा भेद मान्य केला. त्यांच्यामागून आलेले आर्चबिशप मायकेल रॅमझी यांनी उमरावांच्या सभागृहात सुधारणेच्या बाजूने भाषण केले. हे कृत्य रॅमझींच्या मते पापच होते. तरीही त्याबद्दल माणसाला तुरुंगात टाकू नये, असे ते म्हणाले. १९६७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या खासगी संबंधांवरील बंदी उठली. शिकवणूक न बदलताही अन्याय ओळखता येतो, याचे हे उदाहरण आहे.

रोमन कॅथलिक चर्चमध्येही कारणाच्या प्रश्नाने असाच प्रवास केला. डिसेंबर १९७५च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने, ज्यांची ओढ शिक्षणाच्या दोषाने वा संगतीने आलेली, तात्पुरती आहे ते, आणि ज्यांची ती उपजत प्रेरणेने कायम आहे ते, असे दोन वर्ग नोंदविले. पण नैतिक निर्णय दोहोंसाठी एकच ठेवला. १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाने या ओढीचे मानसिक मूळ बरेचसे अज्ञात आहे असे म्हटले आणि अशा व्यक्तींना आदराने, करुणेने व समजूतदारपणे स्वीकारावे असे सांगितले. ही माणसे आपली स्थिती स्वतः निवडीत नाहीत, असे एक विधान त्या पहिल्या आवृत्तीत होते. १९९७च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ते वगळून त्या जागी, ही प्रवृत्ती वस्तुतः अव्यवस्थित आहे, असा मजकूर आला. कारणाविषयीचे वाक्य बदलले. आदराने स्वीकारण्याविषयीचे वाक्य मात्र राहिले. धर्मशिक्षकांनी या फरकाकडे अवश्य लक्ष द्यावे.

६. प्रयोगशाळेचे उत्तर

मग विज्ञान आज काय सांगते? १९५७ मध्ये एव्हलिन हुकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. नावे झाकून ते तज्ज्ञांना दाखविले असता कोण कोणत्या गटातील हे त्यांना ओळखता आले नाही. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मनोवैद्य संघाने आपल्या रोगांच्या यादीतून ही ओढ काढून टाकली. १७ मे १९९० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही तिला रोगांच्या नव्या वर्गीकरणातून वगळले.

कारणांच्या शोधात १९९१ मध्ये बेली व पिलार्ड यांचा जुळ्यांचा अभ्यास निघाला. समलिंगी पुरुषांच्या एकबीज जुळ्या भावांपैकी ५२ टक्के, द्विबीज जुळ्यांपैकी २२ टक्के आणि दत्तक भावांपैकी ११ टक्के समलिंगी आढळले. म्हणजे आनुवंशिकतेचा हात आहे, पण एकच जनुकसंच असूनही जवळजवळ निम्मे भाऊ तसे नव्हते. पुढील अभ्यासांत एकबीज जुळ्यांतील हे प्रमाण आणखी खाली आले. १९९३ मध्ये डीन हेमर यांनी एक्स गुणसूत्राच्या एका भागाशी या ओढीचा संबंध सुचविला. वृत्तपत्रांनी ‘जनुक सापडले’ अशी हाकाटी केली, ती टिकली नाही. ज्याला अधिक थोरले सख्खे भाऊ, त्या पुरुषात ही ओढ असण्याचा संभव थोडा वाढतो, असे ब्लँचर्ड व बोगार्ट यांनी १९९६ मध्ये दाखविले. याचे मूळ गर्भावस्थेत असावे असे मानले जाते. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी वर्तनाशी संबंधित असे पाच बिंदू आढळले. सर्व सामान्य जनुकभेदांचा मिळून वाटा ८ ते २५ टक्के भरला, आणि जनुकांवरून एखाद्या व्यक्तीचे भाकीत करता येत नाही, असे संशोधकांनी स्पष्ट केले.

सारांश असा : एकच एक जनुक नाही, आनुवंशिकता व जन्मापूर्वीची घडण यांचा वाटा आहे, आईबापांच्या वागणुकीने ही ओढ निर्माण होते याला आधार मिळालेला नाही, आणि बहुसंख्यांचा अनुभव असा की ती निवडलेली नसते. ‘जन्मजात’ आणि ‘निवडलेले’ या दोहोंच्या मध्ये पुष्कळ जागा असते. आपली मातृभाषा कोणी जन्मतः घेऊन येत नाही. पण ती कोणी निवडतही नाही, आणि वयात आल्यावर मनातून पुसून टाकू म्हटल्यास पुसता येत नाही.

७. बरे करण्याचे आश्वासन

समीकरणाची दुसरी बाजू, म्हणजे ‘उपार्जित असेल तर सुधारता येईल’, हिचाही अनुभव नोंदविला पाहिजे. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या एक्झोडस इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेने प्रार्थना व समुपदेशन यांच्या योगे ओढ बदलते, असा प्रचार जवळजवळ चार दशके केला. २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष अ‍ॅलन चेंबर्स यांनी झालेल्या दुःखाबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि संस्था बंद केली. आपल्याकडे २०१८ मध्ये भारतीय मनोवैद्य संस्थेने ही ओढ रोग नाही असे जाहीर केले. कुटुंबीयांच्या विरोधामुळे घर सोडून आलेल्या दोन तरुणींच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये असे ‘उपचार’ करण्यास मनाई केली, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते वैद्यकीय गैरवर्तन ठरविले.

आपल्या समाजात मात्र सर्वांत रूढ ‘उपचार’ दवाखान्यात होत नाही, तो मांडवात होतो. ‘लग्न करून द्या, सगळे ठीक होईल’ हा सल्ला घरची वडीलधारी माणसे देतात, आणि विवाहविधी चालविणारे आपण त्याला आशीर्वाद देतो. यात एका निरपराध तिसऱ्या व्यक्तीच्या आयुष्याची परवड होते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्या विवाहसंस्काराचे पावित्र्य राखावे म्हणून आपण एवढे दक्ष असतो, त्याचाच येथे औषधाच्या पुडीसारखा वापर होतो. विवाहापूर्वीच्या मार्गदर्शनात हा प्रश्न निर्भयपणे विचारता यावा एवढी व्यवस्था करणे, हे पाळकाच्या हाती असलेले अगदी साधे काम आहे.

८. भारतातील निवाडे आणि मंडळी

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरविले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. हा निर्णय फिरावा म्हणून न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. त्याच महिन्यात मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी, समलिंगी विवाहाला आपला विरोध आहे, परंतु अशा व्यक्तींना गुन्हेगार मानणे चर्चला मान्य नाही, असे स्पष्ट केले. म्हणजे भारतीय मंडळी एका स्वरात बोलत नव्हती.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने कलम ३७७चा तो भाग एकमताने रद्द केला. लैंगिक कल हा स्वाभाविक आहे असे निकालात म्हटले आहे, पण न्या. धनंजय चंद्रचूड यांनी ‘नैसर्गिक’ आणि ‘अनैसर्गिक’ या अनिश्चित शब्दांवर गुन्ह्याची उभारणी करता येत नाही, हेही दाखविले. निकालाचा खरा पाया समता, प्रतिष्ठा व खासगीपणा हा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत कलम ३७७ नाही. राज्याचा दंडुका आता दूर झाला आहे; घराचे आणि मंडळीचे दार अद्याप आपल्या हाती आहे.

९. उपसंहार

या इतिहासावरून एक गोष्ट दिसून येते. ‘उपजत’ या उत्तराने उलरिख्सला आशा दिली, क्राफ्ट-एबिंगला रोगी दिला, स्टाइनाखला शस्त्रक्रियेची सुरी दिली आणि व्हेर्नेटला कैदी दिले. ‘उपार्जित’ या उत्तराने तुरुंग दिला आणि बरे करण्याची फोल आशा दिली. समाजाने जेव्हा जेव्हा न्याय केला, तेव्हा तो कारण सापडले म्हणून केला नाही. समोर माणूस आहे हे ओळखले म्हणून केला. तेव्हा प्रयोगशाळेच्या निर्णयाची वाट पाहून मग आदर करू, असे म्हणण्यास आपल्याला आधार नाही. उद्या एखादे नवे संशोधन जुन्या संशोधनाला खोडून काढील. म्हणून परवा ज्याला आपण जवळ बसविले त्याला दूर लोटावयाचे काय?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी प्रभूला कारणच विचारले होते : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? समलिंगी ओढीची तुलना अंधत्वाशी करावी म्हणून ही आठवण नव्हे. प्रश्न विचारण्याच्या त्या रीतीची ही आठवण आहे. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि तो त्या माणसाकडे वळला. पुढे त्या माणसाला सभास्थानातून बाहेर घालविण्यात आले, तेव्हा प्रभूने त्याला शोधून काढले, हेही तोच अध्याय सांगतो.

आपापल्या मंडळीची शिकवणूक प्रत्येकाने प्रामाणिकपणे अभ्यासावी आणि मांडावी. परंतु ‘हे जन्मतः असते काय?’ असे कोणी विचारील तेव्हा, वर सांगितलेले खरे तेवढे सांगावे, खोटे आश्वासन देऊ नये, आईबापांच्या माथी दोष मारू नये, लग्नाची घाई करू नये, आणि त्या प्रश्नामागचा दुसरा प्रश्न ऐकावा. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही जनुकात लिहिलेले नाही. ते आपणच द्यावयाचे आहे.